सकाळी संगणक सुरू होईपर्यंत

प्रिय चिंगे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. पत्ता मागे कुरिअर पाठवताना घेतला होता तोच आहे. तू घर बदललं असशील तर हे पत्र भलत्याच माणसाच्या हाती पडेल आणि तो माझी मजा बघेल. बघू दे. मी बरी आहे, सध्या बोलायला नको, असा एक मेसेज टाकून तू मला इतके महिने गप्प बसवलं आहेस, आणि मी गप्प बसणाऱ्यातली नाही हे तुला वेगळं सांगायला नको. तो मेसेज खरंच तूच लिहिलास ना, इथपर्यंत माझ्या डोक्यात येऊन गेलं आहे.

भांडण उकरून काढत नाही. भरतकामाचं वर्कशॉप विकून तुझ्याकडे राहायला यायला मी नाही म्हटलं, ते आजही नाहीच आहे. मशीन चालते आहे, हात चालतात, ऑर्डरी येतात. तू म्हणालीस हा हट्ट आहे. असेल. तो तुझ्यात कुठून आला, याचाही कधी विचार कर. असो, नाही म्हणता म्हणता उकरलंच मी.

सांगायचं आहे ते संगणकाबद्दल. आपलं बिनसल्यापासून तोही बिनसला. बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा घरघरतो, पडद्यावर सगळी चित्रं येतात आणि मग ते कडं गोल गोल फिरत बसतं. कशावरही दाबा, काही उघडत नाही. इकडे शाळेच्या बिल्ल्यांचं कापड चौकटीत ताणून तयार, मशीन चालवणाऱ्या आपल्या वहिनी हाताची घडी घालून उभ्या, आणि डिझाइन संगणकाच्या पोटात. तेवढ्या वेळात माझ्या पायाला भिंगरी. दोऱ्याची रिळं रंगांप्रमाणे लावते, मग ती विस्कटून नंबरांप्रमाणे लावते. दारात जाऊन रस्ता बघते, परत येऊन कडं बघते. वहिनी म्हणतात, तुम्ही एका जागी बसा हो, तुमच्याकडे बघून मलाच धाप लागते. पण बसलं की तुझे विचार येतात, म्हणून मी बसत नाही.

उपाय काय कमी केले? आधी वाटलं धूळ असेल. पावडरच्या जुन्या ब्रशने त्याच्या मागची जाळी स्वच्छ झाडली, बटण दाबलं, आणि काय सांगू, मी चहा गाळून येईपर्यंत सगळं तयार! वहिनींसमोर अशी मिरवले की विचारू नकोस. दुसऱ्या दिवशी तोच ब्रश, तीच जाळी, आणि पुन्हा कडं. मला वाटलं झाडण्याची दिशा चुकली. मग काही आठवड्यांनी असाच एकदा झटकन सुरू झाला, त्या दिवशी नेमकी प्रिंटरची वायर निघालेली होती. झालं, तेव्हापासून प्रिंटर वायरीविना. वहिनींचं मत वेगळंच, त्या दिवशी त्यांनी टेबल भिंतीपासून लांब सरकवलं होतं म्हणे. म्हणजे रोज सकाळी आम्ही दोघी प्रौढ बायका, एक ब्रश घेऊन आणि एक टेबल ढकलत. हसतेस ना? हस बाई, तेवढं तरी कर.

परवा माल न्यायला गाडी दारात येऊन उभी आणि इथे कडं फिरतंय, शेवटचे बिल्ले मशीनवर चढायचे बाकी. तेव्हा मात्र धीर सुटला आणि संगणक दुरुस्त करणाऱ्या आपल्या वायरवाल्याला बोलावलं. तोच तो, यंत्रांशी लाडात बोलणारा आणि माणसांवर खेकसणारा. त्याने ब्रशकडे ढुंकूनही पाहिलं नाही. संगणक सुरू झाला की न सांगता आपोआप उघडणारी सॉफ्टवेअरं कोणती, ते त्याने मला पडद्यावर दाखवलं. केवढी ती गर्दी! मोडीत निघालेल्या कॅमेऱ्याचं एक, प्रिंटरचं एक, तुझ्या पत्त्यांच्या खेळाचं एक, हवामान सांगणारं एक. सगळी मला न विचारता मुक्कामाला आलेली. त्याने आधी सगळ्यांना बंद केलं आणि संगणक पुन्हा सुरू करून पाहिला. लगेच झाला. मग एकेकाला परत चालू करायचं, संगणक बंद करायचा, सुरू करायचा, बघायचं, असं चाललं. मी पाठीशी येरझारा घालतेय. कॅमेरा निर्दोष सुटला, प्रिंटर सुटला. पत्त्यांच्या खेळावर माझा पहिल्यापासून डोळा होता, पण तोही सुटला. सापडलं ते आपलं भरतकामाचं सॉफ्टवेअर. दिवसभर जे वापरते, तेच सकाळी मला अडवत होतं.

तू नोकरीसाठी तिकडे गेलीस तेव्हा तिथून डिझाइन पाठवता यावीत म्हणून तुझा लॅपटॉप आणि हा संगणक जोडून दिला होतास, आठवतं? मी विसरूनही गेले होते. हे सॉफ्टवेअर मात्र रोज उघडल्या उघडल्या आधी तुझ्या लॅपटॉपकडे जातं, नवीन काही आहे का विचारायला. तुझा लॅपटॉप बंद असला की थांबतं, पुन्हा विचारतं, पुन्हा थांबतं, आणि दमून नाद सोडेपर्यंत बाकी कोणाला पुढे सरकू देत नाही. पूर्वी सकाळी तू माझ्या आधी कामाला बसलेली असायचीस, म्हणून कधी कळलंच नाही. वायरवाला म्हणाला, समोरचं कोणी आता नसेल तर ही जोडणी तोडून टाकू, एका मिनिटाचं काम. मी एवढ्या जोरात नको म्हणाले की तोच दचकला. तात्पुरतं त्याचं ते विचारणं बंद करून बिल्ले काढून घेतले, गाडी गेली.

तो निघाला तेव्हा मी दारात त्याला विचारलं, की मग मधूनच एखाद्या सकाळी हा झटकन कसा सुरू व्हायचा? चपला घालता घालता तो सहज बोलून गेला, की त्या सकाळी समोरचा लॅपटॉप चालू असणार. चिंगे, मी तिथेच पायरीवर बसले. त्या सकाळी तू उठून लॅपटॉपसमोर बसलेली होतीस, आणि माझ्या संगणकाशी असलेली जोडणी तू तोडली नव्हतीस. मुद्दाम की विसरून, ते मी विचारत नाही, तूही सांगू नकोस. वायरवाला गेल्यावर मी ते विचारणं पुन्हा पहिल्यासारखं चालू करून ठेवलं आहे. तू हवं तेवढं भांड, फोन उचलू नकोस, मीही वर्कशॉप विकणार नाही. फक्त ती जोडणी तोडू नकोस, आणि मी सकाळी वर्कशॉप उघडते त्या सुमाराला तुझा लॅपटॉप चालू असू दे. डिझाइन नको, मेसेज नको, काही नको. इकडे संगणक झटकन सुरू झाला की मी समजेन, पोर उठली आहे, धड आहे. मला दिवसभर तेवढं पुरेल.

रागावलेली, पण तुझीच,
आई