कुवाबारा आजोबांचं सलाईन

मंगळवार, ४ नोव्हेंबर
आधी एक दुरुस्ती. शुक्रवारी इथे लिहिलं आहे की माझ्या म्हणण्यावर सर्जन डॉक्टर तोबेंनी मान डोलावली. ते खरं नाही. ते पेंगत होते. शिवाय मी अजून काही म्हटलंच नव्हतं. निदान रोजनिशीत तरी खोटं नको.

आज मात्र खरी सुरुवात. या महिन्यापासून हॉस्पिटलची अँटिबायोटिक टीम म्हणजे मी, इथली फार्मासिस्ट. शहरातले एक मोठे डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, तेही टीममध्येच आहेत. काम सोपं आहे. ज्याला गरज उरली नाही, किंवा ज्याचं गोळीवर भागेल, त्याचं सलाईन थांबवायला सर्जनला सांगायचं.

पहिली केस सातव्या खाटेवरचे कुवाबारा आजोबा. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, ताप केव्हाच उतरला, भात परत मागून खातात. तरी सलाईनमधून सगळ्यात कडक औषध चालूच. गोळी सुरू झाली की घरी. आणि त्यांना घाई आहे. त्यांच्या अंगणातल्या झाडाची तुरट पर्सिमनची फळं कडक आहेत तोवरच सोलून, दोरीला बांधून, पडवीत वाळत टांगता येतात. मऊ पडली की संपलं. आजी होत्या तेव्हा दोघं मिळून करायचे.

"औषधवाल्या बाई, हा सलाईनचा खांब सोडवा हो माझ्या हातातून," म्हणाले. "कावळ्यांनी एव्हाना झाड आपसात वाटून घेतलं असेल."

उद्या सांगते. दोन मिनिटांचं काम.

बुधवार, ५ नोव्हेंबर
सांगितलं. म्हणजे सुरुवात केली. माझं पहिलं शिक्षण बाबांच्या औषधाच्या दुकानात झालं. आधी आभार, मग हवापाणी, मग विचारपूस, मग काम. आज हवापाण्यापर्यंत पोचले, तेवढ्यात राउंड आठव्या खाटेशी गेला. डॉक्टरांच्या कानावर पडलं ते इतकंच की कुवाबारांचं सलाईन किती नीट चाललं आहे. ते खूश झाले.

तरी संवाद सुरू झाला, हे महत्त्वाचं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
कल्पना सुचली. सर्जनांच्या खोलीत मिठाईचा खोका नेऊन ठेवला. तोंड गोड झालं की कान उघडतील. हिराबायाशी सिस्टरने विचारलं, कोणाचं लग्न? मी धोरण समजावून सांगितलं. ती म्हणाली, "अगं, 'बंद करा' हे दोन शब्द आहेत. त्यांना खोका कशाला लागतो?"

सिस्टरचं ट्रेनिंग जुन्या काळातलं आहे.

सोमवार, १० नोव्हेंबर
टेबलावर सफरचंदांची पेटी. डॉक्टर तोबेंच्या गावची. माझ्या खोक्याची परतफेड, पण खोक्याच्या मानाने फारच मोठी. आता मला उलट काहीतरी द्यायला हवं. तोवर त्यांच्या औषधाला नावं कशी ठेवणार? बाबांना फोन केला. ते म्हणाले, बरोबर आहे, माणसाची सफरचंदं घरात असताना त्याच्यावर टीका करायची नसते.

भराभर खाते आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
आजोबांचा हात सुजला. सुई दुसऱ्या हाताला लावली. सकाळपासून पोटही बिघडलं आहे. हे औषध नेमकं हेच करतं, कधी फार वाईट प्रकारे करतं. मला हे पाठ आहे. परीक्षेत यावर पूर्ण मार्क होते.

सर्जनांच्या दारापर्यंत गेले. आत हसणं चाललं होतं. हसणाऱ्या माणसांना मध्येच तोडणं बरं दिसत नाही.

आजोबांनी विचारलं, सांगितलंत का? मी म्हटलं, प्रक्रिया चालू आहे. ते म्हणाले, असं बोलणारी माणसं त्यांना फक्त नगरपालिकेत भेटली होती.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
पोटाची तपासणी चांगली आली. जुलाबही थांबले. मी स्वच्छतागृहात जाऊन थोडी रडले, मग चहा विकत घेतला. पहिल्या तोडणीचा, भारी डबा. सर्जनांना पोचवला. आता फिटंफाट. उद्या मोठा राउंड आहे. आभार तीन वाक्यांवर आणले आहेत, हवापाणी पूर्ण रद्द.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
मोठ्या राउंडला डॉक्टर तोबेंनी सगळ्यांसमोर माझी ओळख करून दिली. या आमच्या अँटिबायोटिक टीमच्या, आमच्या सलाईनवर इतक्या खूश की चहासुद्धा पाठवतात. सगळे माझ्याकडे बघून वाकले. मीही वाकले. नीट, कमरेतून. सरळ झाले तेव्हा राउंड दहाव्या खाटेशी होता.

सोमवार, १७ नोव्हेंबर
सलाईन बंद झालं. मी केलं नाही. सकाळी आजोबांनीच विचारलं, "डॉक्टर, गोळी नाही का चालणार?"

"चालेल की," डॉक्टर तोबे म्हणाले. सिस्टरने तिथल्या तिथे सुई काढली.

मग ते माझ्याकडे वळले. चेहरा खरोखर गोंधळलेला. "मी तर गेल्या आठवड्यातच काढणार होतो. पण तुम्ही सारखं कौतुक करत होतात. म्हटलं, टीमला चालू ठेवायचं असेल."

म्हणजे माझ्या मताला इथे वजन आहे. यातून हेच घ्यायचं.

आजोबा दुपारी घरी गेले.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
आजोबांनी भाच्याबरोबर खोका पाठवला. आत पर्सिमन, एकेक वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, इतकं मऊ की बोट रुततं. निरोप असा, की टांगण्याजोगं एकही उरलं नाही, चमच्याने खा. माझ्यासाठी खूप धडपडलात म्हणे. एक उभ्यानेच खाल्लं. फार गोड होतं. दुसरं घेववलं नाही.

सातव्या खाटेवर आता शाळेच्या स्वयंपाकघरातल्या ओगुशी बाई आहेत. ताप नाही, जेवण नीट, सलाईन चालू. मुलं कुणाच्या हातचं खात असतील, हा एकच प्रश्न त्या विचारतात. या वेळी आभार नाहीत, काही नाही. सरळ 'बंद करा'.

डॉक्टर तोबे आत्ता समोरच्याच खोलीत आहेत. आवाज येतो आहे. पण झाल्या गैरसमजाबद्दल त्यांनी दुपारी बिस्किटांचा डबा पाठवला आहे, तो तसाच ठेवून कसं बोलणार? उद्या बाजारात जाऊन काहीतरी आणते. रविवार सोडला. सोमवारी सार्वजनिक सुट्टी.

तर मंगळवार, २५ नोव्हेंबर. सकाळच्या राउंडला सांगतेच.