कर्ता गैरहजर

तीर्थरूप ताईस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (दोन्ही अशासाठी म्हटलं, की परवा उजव्या हाताला कवळीचा प्लास्टरचा साचा चिकटून बसला होता, तो आता सुटला आहे. काळजी नसावी.) तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींचं सकाळचं फिरणं सुरू आहे ना, की कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जाऊन, तिथेच वर्तमानपत्र वाचून परत येतात? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. लेक तिच्या नोकरीच्या गावी मजेत आहे. फोनवर आईशी तासभर बोलते आणि माझ्याशी "बाबा, तब्येत सांभाळा" एवढंच.

आता मूळ विषय. तू ऐकलंस ते खरं आहे. मी या वयात इंग्रजीच्या वर्गाला जातो, आणि तेही नुसतं बोलायला नव्हे, व्याकरणासकट. तुला हसू येणं साहजिक आहे, पण कारण ऐकशील तर आधी जास्त हसशील आणि मग कदाचित थांबशील. तुला माहीत आहे, दाताच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून मी कवळ्या बनवतो. माझा संबंध लोकांच्या दातांशी येतो, जिभेशी येत नाही, त्यामुळे इतकी वर्षं निभावलं. पण एका दुपारी डॉक्टर बाहेर गेलेले असताना आपली भाषा अजिबात न येणाऱ्या एक वयस्कर बाई नवी कवळी न्यायला आल्या. मी ती बसवली, टोचत होतं तिथे घासून दिली, पुन्हा बसवली. इतकी सुरेख बसली, की मला राहवेना. काम पूर्ण झालं, एवढंच मला त्यांना आनंदाने सांगायचं होतं. म्हणून मी हातातलं घासायचं यंत्र बंद न करताच पुढे वाकून म्हणालो, "मॅडम, यू आर फिनिश्ड!" बाई खुर्चीतून उठल्या त्या गळ्यातल्या कागदी रुमालासकट रस्त्यावर. (कवळी मात्र पडली नाही. हे माझ्या कामाचं प्रशस्तिपत्रकच म्हणायचं.) संध्याकाळी डॉक्टर त्यांची समजूत काढून परत आले आणि म्हणाले, "अहो, 'इट' आणि 'यू' यांत फरक असतो. एक वस्तू असते, दुसरा माणूस असतो!"

तेव्हा संध्याकाळच्या प्रौढांच्या वर्गात नाव घातलं. वर्ग लहान मुलांच्या शाळेत भरतो. बाकं इतकी बुटकी, की गुडघे आत घालून बसल्यावर आपण बाकावर बसलो आहोत की बाक आपल्यावर, हे सांगणं कठीण. शिकवणाऱ्या मॅडम आपल्या लेकीहून लहान आहेत. माझ्या शेजारी एक बसचालक असतात, थोराड, शांत माणूस. बोलायच्या आधी दोन्ही बाजूंना बघून घेतात. आणि पुढच्या बाकावर तुझी भावजय! ती शिकायला म्हणून आलीच नव्हती. मी घरात मोठ्याने पाठ करायचो, ते ऐकून भाजी निवडता निवडता तिचं सगळं पाठ झालं, माझं राहिलं. "घरी बसून चुकीचं ऐकण्यापेक्षा तिथे जाऊन बरोबर ऐकते," म्हणाली आणि आली.

ताई, व्याकरणाची मला आधी भीती वाटायची. आता वाटतं ती भीती नसून लाज होती, आपली गुपितं बाहेर पडतील याची. बघ, आपल्याकडे क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे माणसाला शेवटपर्यंत पळून जायला वाट असते. मी घरात शिरताना म्हणतो, "तू सांगितलेलं सामान मी येताना..." आणि एवढं बोलून तिच्या चेहऱ्याकडे बघतो. तिथे जसं हवामान असेल तसं पुढे "आणणारच होतो", "आणायचं मुद्दामच टाळलं" किंवा "आणू का आता?" असं जोडता येतं. इंग्रजीत ती सोय नाही. दुसऱ्याच शब्दाला सांगून टाकावं लागतं, आणलंस की नाही ते. मॅडमनी हा नियम फळ्यावर लिहिला तेव्हा मी तो वहीत उतरवायचंच टाळलं. या भाषेत संसार कसा करत असतील लोक?

पण खरी गोष्ट त्याच्या पुढची आहे. मॅडमनी घरी लिहायला दिलं होतं, तुमचा रोजचा दिवस. तुझ्या भावजयीने वाचायला सुरुवात केली. आय गेट अप. आय मेक टी. आय फिल वॉटर. आय कुक. आय वॉश. पान उलटलं तरी प्रत्येक ओळीच्या तोंडाशी तो 'आय' उभाच, खांबासारखा. मॅडम प्रेमाने म्हणाल्या, "छान आहे, पण सगळीकडे 'आय' नको. एखादा काढता येईल का बघा." हिने वहीकडे बघितलं, पुन्हा बघितलं आणि अगदी मनापासून विचारलं, "कुठला काढू मॅडम? सगळं मीच करते."

वर्ग हसला. मीही हसलो. मग माझी पाळी आली. मी उभा राहून (म्हणजे बाकातून निघेल तेवढा निघून) वाचलं. टी इज मेड. क्लोद्ज आर वॉश्ड. फूड इज सर्व्ह्ड. मॅडम खूश! म्हणाल्या, हा कर्मणी प्रयोग मी अजून शिकवलाही नाही, आणि यांना किती सहज येतो बघा! मला काय, मी घरी जसं बोलतो तसं लिहिलं होतं. चहा झाला, कपडे धुऊन झाले, जेवण वाढलंय. मग त्यांनी समजावलं, की अशा वाक्यात काम झालेलं दिसतं, पण करणारा दिसत नाही. तो हवा असेल तर विचारायचं असतं... आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत पुढच्या बाकावरून, मान न वळवता, शांत आवाजात प्रश्न आला, "बाय हूम?"

या वेळी वर्ग हसला नाही, ताई. हसला असता तर बरं झालं असतं. मी फळ्याकडे बघत उभा राहिलो. माझ्या वाक्यांत कर्म सगळं जागच्या जागी होतं, कर्ता तेवढा गैरहजर, आणि तो तर समोरच पाठमोरा बसला होता. मी हळूच म्हणालो, "बाय माय वाइफ." मॅडम म्हणाल्या, "व्हेरी गुड." ते गुड मला काही केल्या गोड लागलं नाही.

त्यानंतर मी सुधारायचं ठरवलं, आणि माझी सुधारणा ही नेहमी दुसऱ्याला त्रासदायक असते. मी तिला मदत करू लागलो. पुढच्या वर्गात मॅडमनी तिला विचारलं, लहानपणी तुम्हाला काय करावंसं वाटायचं? ती उठली. "आय वॉन्टेड टू..." म्हणाली आणि अडली. शब्द शोधत होती, ओठ हलत होते. मला वाटलं, आता आपण उपयोगी पडावं. मी मागून सांगितलं, "टीच!" तिने नाही म्हणून मान हलवली. मी म्हटलं, "सिंग! कुक!" ती खाली बसली.

घरी परतताना रस्ताभर ती माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. शेवटी मीच विचारलं, "राग आला?"

"तुम्ही माझं वाक्य पुरं केलंत."

"मदत म्हणून."

"नेहमीच करता. आणि नेहमी चुकीचं करता." मग दिव्याच्या खांबाशी थांबून म्हणाली, "मला चढायचं होतं."

"कशावर?"

"कशावरही. आमच्या शाळेमागे पाण्याची उंच टाकी होती. लोखंडी शिडी होती तिला. मुलगे चढायचे. मला रोज वाटायचं, वरून काय दिसत असेल."

तिनेच पुढे सांगितलं, वर्ग सुटल्यावर त्या बसचालकांना तिने दोन्ही हातांनी हवेत शिडी चढून दाखवली होती. ते थांबले, नीट बघितलं आणि म्हणाले, "क्लाइंब?" तिला शब्द मिळाला. मी इतकी वर्षं एका चढू पाहणाऱ्या बाईबरोबर राहतो आहे, आणि आमच्या घरात दिवा बदलायचा असला की स्टुलावर मी चढतो आणि ती खालून स्टूल धरते. ही गोष्ट मला अशी रस्त्यात, पायाखाली खड्डा यावा तशी कळली. पुढच्याच रविवारी दिवा बदलायची वेळ आली. (खरं सांगतो, जुना अजून चालू होता.) मी स्टूल धरलं, ती चढली. वर जाऊन लगेच उतरेना. मी विचारलं, काय दिसतं? म्हणाली, "पंख्यावरची धूळ." पण हसत होती.

तर असं आहे सगळं. भाषा शिकताना माणूस दुसऱ्याची भाषा शिकतो असं मला वाटायचं. निम्मा वेळ स्वतःच्याच घरातलं बोलणं नव्याने ऐकण्यात जातो. इथे काही कमी नाही, तुझ्याकडून काही नको, फक्त आशीर्वाद असावा. दाजींना नमस्कार. औषध वेळेवर घे.

तुझा,
धाकटा

ता. क. – एक क्षुल्लक गोष्ट राहिली. महिनाअखेर तोंडी परीक्षा आहे, जोडीजोडीने बोलायची. तुझ्या भावजयीने जोडीला बसचालकांना घेतलं आहे. कारण विचारलं तर म्हणाली, "ते स्टॉप आल्याशिवाय दार उघडत नाहीत." मला काही वाटलेलं नाही. पण मी एकटाच उरलो आहे, आणि उरलेल्या माणसाची जोडी मॅडम स्वतःशी लावतात. तुझं ती ऐकते. एकदा सहज फोन कर आणि सहजच विषय काढ. मी सांगितलं असं मात्र अजिबात कळता कामा नये. हे सबंध पत्र मी त्यासाठीच लिहिलं, असं नाही. पण बहुतेक त्यासाठीच.

ता. क. दुसरा – ताई, नमस्कार. पत्रं पाकिटात घालून टाकण्याचं काम ह्या घरात मीच करते (कर्ता मुद्दाम लिहिला आहे), म्हणून वाचलं. फोन करू नका. जोडी मी परवाच बदलून ह्यांना घेतलं. चालकभाऊंनीही हसून हो म्हटलं. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. कारण गेले काही दिवस मी बोलायला लागले, की हे समोर बसून, ओठ घट्ट मिटून, माझं वाक्य संपायची वाट बघतात. फार कठीण जातं त्यांना, कानाच्या पाळ्या लाल होतात. परीक्षेपर्यंत तुम्हीही कळू देऊ नका. माझी बरीच वाक्यं राहिली आहेत.