वाचून दाखवलेली यादी

११ सप्टें., गुरुवार
सकाळपासून ओटीवर तीन कुटुंबं. प्रत्येकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दाखले, आणि चेहरे कोर्टाची पायरी चढल्यासारखे. पोस्टमन होतो तेव्हा याच लोकांना वाड्यांवर जाऊन पत्रं वाचून दाखवायचो. आता रिटायर होऊन भिसेगावात घरी बसलोय, तर त्यांच्या पोरांचे कॉलेजचे फॉर्म भरतो. लॅपटॉप मुलीचा जुना. माझा नियम एकच. फॉर्म लॉक करण्याआधी आईबापाला सगळा वाचून दाखवायचा. घरातलं पहिलंच पोर कॉलेजात चाललेलं, यांच्याकडे माझ्या शब्दाशिवाय दुसरं काय असतं?

शेवटी चांगो आला, वरच्या ठाकरवाडीतला. मुलगी मनीषा, बारावी सायन्स, सीईटीला झकास मार्क. फार्मसी हवीय. बापाची अट एकच : "सांजंला घरी येल असंच कालेज टाका, टपालभाऊ."
हो म्हटलं. त्याची थोरली आश्रमशाळेत तापाने गेली. ते कळवणारं पत्र त्याच्या अंगणात मीच वाचलं होतं. पोचेपर्यंत तीन दिवस उलटून गेले होते.
उद्या दोघं कॉलेजांचा पसंतीक्रम भरायला येतील.

१२ सप्टें.
जे केलं ते इथे लिहितो. दुसऱ्या कुणाला सांगायची छाती नाही.
चांगो तंबाखू मळायला अंगणात गेला, तेवढ्यात मनीषा पुटपुटली, "काका, अमरावतीचं सरकारी एक नंबरला टाका. बाबांना नका सांगू."
"अगं, रात्रभराचा प्रवास आहे."
"म्हाईत हाय. तिथं होस्टेल हाय. इथं वाडीवरनं खाली यायलाच दोन तास. वहाळाला पाणी भरलं की शाळा बुडायची, आता कालेज बुडंल."
"आणि लागलं तर?"
"लागल्यावर मीच सांगंन त्यांना."
टाकलं. अमरावती एक, कर्जतजवळचं दोन. चांगो आत आला, मांडी घालून बसला. "हां, वाचून दावा." मी कर्जतचं एक नंबर म्हणून वाचलं. अमरावती वाचलंच नाही. म. शेजारी उभी होती. तिला वाचता येतं. ती खाली बघत राहिली. बापाने मान डोलावली आणि मी लॉक केलं.
तीस वर्षांत मयताचं पत्रसुद्धा एक शब्द न गाळता वाचलं मी. आणि काल तर इथेच नियमाच्या बढाया
जाऊ दे. अमरावतीला गेल्या वर्षी हिच्यापेक्षा जास्त मार्कांना प्रवेश बंद झाले होते. लागणारच नाही.

१४, रविवार
लागलं तर?
पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तेच घ्यावं लागतं. नाकारलं तर पुढच्या फेऱ्या बंद, म्हणजे कर्जतचंही गेलं. आलेल्या प्रत्येकाला हे बजावतो. म.ला बजावलं नाही. बाप आत यायच्या आत उरकायची घाई झाली होती. लॉक केलेलं आता उघडत नाही. तिला चार फोन केले, वाडीवर रेंज नाही.
सौ. म्हणाली, "ताटात काय शोधताय?" काही नाही म्हटलं.

१८, गुरुवार
यादी लागली. म.ला अमरावती. वर हिरव्या अक्षरांत अभिनंदन.
सोमवारी संध्याकाळच्या आत तिथे हजर व्हायचंय. दहिवलीच्या टेंपोवाल्याकडे निरोप दिला : लागलंय, या. कुठे लागलंय ते सांगायचं धाडस झालं नाही.

१९
म. एकटीच आली. बातमी ऐकून दोन मिनिटं हसत होती. मग मी नियम सांगितला.
"म्हंजे अमरावतीला नाय गेले तर कर्जतचं पन नाय?"
"नाही."
खालीच बसली. म्हणाली, "बाबांना तुमी सांगा. तुमचंच आयकतात. मला भ्या वाटतं."
मलाही वाटतं, हे तिला म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. बापाला रविवारी घेऊन ये, एवढंच सांगितलं. कॉलेज लागल्याचं छापील पत्र तिच्याजवळ दिलं. पोरगी अमरावतीहून परत आली नाही तर? थोरलीसारखं काही झालं तर? दिवसभर हेच डोक्यात.

२१, रविवार
सकाळी दोघं आले. चांगोने माझ्यासाठी टोपलीभर करटुली आणलेली. त्याच जागी मांडी घालून बसला, घडी केलेलं पत्र पुढे केलं. "कालेजाचं पत्र हाय म्हनं. वाचून दावा."
वाचलं. पहिल्या ओळीपासून, अमरावतीसकट, तारखेसकट. मग नियम सांगितला.
त्याने टोपली बाजूला सरकवली. मग, "त्या दिशी ह्ये वाचलं व्हतं का?"
"नाही."
म.कडे वळला. "तुला म्हाईत व्हतं?" तिने होकाराची मान हलवली.
ओरडेल असं वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. पत्राकडे बघत हळूच म्हणाला, "थोरलीचं पत्र वाचलं व्हतं तुमी. त्ये तरी सगळं वाचलं व्हतं ना, टपालभाऊ?"
"सगळं. शब्दन् शब्द," म्हणालो. खरं तेच सांगितलं. पण माझं मलाच ते खोटं ऐकू आलं.
त्याने माझ्या हातातून पत्र घेतलं, घडी केली. "दुसऱ्या कुनाकडनं वाचून घेतो." उठला आणि निघाला. म. मागोमाग धावली. गाडीची वेळ लिहिलेली चिठ्ठी मी तिच्या हातात कोंबली. तिने मागे वळून पाहिलं नाही.
आता बारा वाजलेत. गाडी कल्याणहून रात्रीची. त्यासाठी कर्जतहून संध्याकाळी निघावं लागेल. चारपासून कर्जत स्टेशनवर जाऊन उभा राहतो. आले तर कुठल्या तोंडाने समोर जाऊ, कळत नाही. नाही आले तर