वर्षाच्या जबाबदारीचा कागद

१ सप्टेंबर १९७४, रविवार

गाडी आली! फिकट हिरवी, चार दारांची. विकणारे डॉक्टर म्हणाले, वीस वर्षांची आहे, पण फक्त पेशंट बघायला वापरली. म्हणजे गाडीलाही तब्येत जपायची सवय असणार.

संध्याकाळी गल्लीत दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत बंद पडली. आठ-दहा लोकांनी धावत येऊन ढकलली. लोकांचं माझ्यावर किती प्रेम आहे ते कळलं.

आमच्या हिनं, अक्कम्मानं, गाडीला ओवाळलं आणि हातातलं तबक खाली ठेवायच्या आत म्हणाली, अप्पांना यातून मठात न्यायचं. अप्पा म्हणजे मैंदर्गीचे माझे सासरे, शिवलिंगप्पा. दसऱ्यानंतरच्या रविवारी, २७ ऑक्टोबरला, त्यांच्या ऐंशीची पूजा आहे गावाबाहेरच्या मठात. गेली पंचवीस वर्षं ही माहेरी एस.टी.नं जाते, बहुतेकदा उभ्यानं. लग्नात मी अप्पांना म्हणालो होतो म्हणे, एक दिवस मोटारीत बसवीन. मला आठवत नाही. पण म्हणालो असेन. माझी नजर पहिल्यापासून लांबची.

संकल्प : २७ तारखेला अप्पा मोटारीतून मठात. काहीही झालं तरी.

२ सप्टेंबर, सोमवार

गाडी होटगी रस्त्याच्या सिद्धाराम मिस्त्रीला दाखवली. त्यानं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मग म्हणाला, शेट, गाडी लई गोड हाय, पण म्हातारी हाय की.

त्याची एक स्कीम आहे. एकदाच तीनशे रुपये द्यायचे. मग वर्षभर काहीही मोडलं तरी सामान त्याचं, मजुरी त्याची. त्याला तो 'वर्षाची जबाबदारी' म्हणतो. रीतसर कागद करून देतो. मुदत महिनाअखेर. अट एकच हाय, असं म्हणून तो सांगायला लागला. मी हात वर करून थांबवलं. म्हटलं, बाबा रे, मी पंचवीस वर्षं गॅरंटी कार्डासकट घड्याळं विकतोय. गॅरंटीच्या अटी तू मला सांगणार?

तो गप्प बसला. इम्प्रेस झाला असावा.

अक्कम्मा म्हणते, घेऊन टाका. पण घाईत निर्णय घेणारा माणूस मी नव्हे.

५ सप्टेंबर, गुरुवार

कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे 'घ्यावी', उजवीकडे 'घेऊ नये'. उजवीकडे अकरा मुद्दे झाले. शेवटचे चार आपोआप सुचत गेले. डावीकडे अक्कम्मानं येऊन स्वतःच्या अक्षरात एक शब्द लिहिला : अप्पा.

याला मुद्दा म्हणत नाहीत. तिला लॉजिक समजावलं. ती भाकरी थापायला निघून गेली.

९ सप्टेंबर, सोमवार

दुकानात येडू धनगर आला होता. सांगोल्याकडचा. माझ्याकडूनच नेलेलं गजराचं घड्याळ घेऊन आला, बंद पडलं म्हणून. मागचं झाकण उघडून बघतो तर आत भंडारा! पिवळी हळद, चाकाचाकांत. म्हटलं, हे काय? म्हणाला, बिरोबाच्या पूजेला ठिवलं व्हतं. येंत्र हाय न्हवं, देवाचं बोट लागलं तर चांगलं चालंल की.

हसू आवरेना. त्याला कार्डावरची ओळ वाचून दाखवली : झाकण उघडलं की गॅरंटी संपली. नियम म्हणजे नियम. बिचारा घड्याळ कानाला लावत गेला.

लोक कधी सुधारणार?

१५ सप्टेंबर, रविवार

मेव्हणा ईरप्पा आला, मैंदर्गीहून. नवा ट्रॅक्टर घेतल्यापासून जरा ऐटीत असतो. गाडीला चहूबाजूंनी फेरी घातली, टायरला लाथ मारली आणि म्हणाला, दाजी, वाटंत आडली तर सांगावा धाडा, ट्रॅक्टर घिऊन येतो.

अक्कम्माच्या चेहऱ्याकडे बघवेना. भाऊ गेल्यावर म्हणाली, माझ्या माहेरात माझं हसू होऊ देऊ नका, एवढंच मागते.

पेटलो. उद्या कागद करून टाकणार. फायनल.

१६ सप्टेंबर, सोमवार

गॅरेजला गेलो. मिस्त्री जेवायला गेला होता. पाच मिनिटं थांबलो. हा संकेत समजायचा. परत आलो.

२२ सप्टेंबर, रविवार

एक महत्त्वाची नोंद. सहा दिवस झाले, गाडी एकदाही बंद पडलेली नाही. जी बंद पडत नाही तिची जबाबदारी दुसऱ्याला कशाला द्या?

(सहा दिवस सुरू केलेली नाही. पेट्रोलचे भाव बघता ते शहाणपणाचंच आहे.)

३० सप्टेंबर, सोमवार

आज शेवटचा दिवस. दुपारी निर्णायक विचार करायला आरामखुर्चीत बसलो. विचार करता करता डोळा लागला. उठलो तर सहा वाजलेले.

म्हणजे निर्णय झाला : घेऊ नये. शिवाय आता पितृपंधरवडा लागतोय, त्यात कसले नवे कागद करायचे? आमच्यात तो पाळत नाहीत, पण या वर्षी पाळायचं ठरवलं.

अक्कम्माला सांगायला गेलो तर ती घरात नव्हती. दिवेलागणीला टांग्यातून उतरली. म्हणाली, बांगड्या भरायला गेले होते. हातात नव्या बांगड्या दिसल्या नाहीत. आवडल्या नसतील.

निर्णय शांतपणे ऐकून घेतला तिनं. पटला तिला.

७ ऑक्टोबर, सोमवार

आश्चर्य! सिद्धाराम मिस्त्री सकाळी स्वतःहून घरी आला, तेल-पाणी बघून गेला. मी आंघोळीला होतो. पैसे घेतले नाहीत म्हणे. याला म्हणतात वजन. तीनशे रुपये न देता तीच सेवा मिळवली. त्या दिवशी हात वर करून थांबवलं, त्याचा हा परिणाम.

१४ ऑक्टोबर, सोमवार

मिस्त्री पुन्हा आला. पुन्हा फुकट. मी पुन्हा आंघोळीला. दुकानात दोघांना हा किस्सा सांगितला. निगोशिएशन कशी करावी यावर बरंच बोललो.

बॉनेटच्या कडेला बारीक तार आणि शिशाचा एक गोळा दिसला. जकातवाल्यांचं काहीतरी राहिलं असावं. बघू.

२३ ऑक्टोबर, बुधवार

उद्या खंडेनवमी. गाडीची पहिली पूजा. दोन पदरी झेंडूची माळ सांगून ठेवली, नारळ आणला. अक्कम्मा म्हणाली, कुंकू काय ते वरूनच लावा, टपावर. बॉनेट उघडू नका.

बायकांना यंत्राचं मर्म कळत नाही. दुकानात मी घड्याळाच्या काचेची पूजा करतो का?

म्हणाली, माझं ऐका की एवढं. रविवार झाला की एक गोष्ट सांगणार आहे तुम्हाला. काय सांगणार असेल? बहुधा माझं कौतुक.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

पूजा दणक्यात! अक्कम्मा पुरणाला बसली होती, म्हणून मला मोकळीक मिळाली. ती जकातीची तार मध्ये येत होती. दुकानातल्या पक्कडीनं कट् केली. शिशाचा गोळा खिशात टाकला, कशाला तरी उपयोगी पडेल. बॉनेट उघडलं. इंजिनाला विभूतीचे तीन पट्टे, वर कुंकू. नारळ फोडला. माळ आतच बांधली, रेडिएटरच्या मागे, पंख्याच्या बरोबर वर. गल्ली बघायला लोटली होती. सगळ्यांना समजावलं की आपल्याकडे यंत्रालाही देवाचा स्पर्श लागतो, मग ते कुरकुरत नाही. लोकांनी माना डोलावल्या.

बॉनेट हळूच लावून टाकलं, टपावरही कुंकवाचं बोट लावलं. अक्कम्मा बाहेर आली, टपावरचं कुंकू बघून खूश झाली. आतलं सांगितलं नाही. रविवारी आपोआप कळेल.

२७ ऑक्टोबर, रविवार. मैंदर्गी, संध्याकाळ

घडलं तसं लिहितो.

सकाळी ७.१० ला निघालो. हिरवी गाडी, मागं अक्कम्मा, इरकल नेसलेली, मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. इंजिनातून कसला तरी फडफड आवाज. म्हटलं, मोकळ्या रस्त्याला लागल्याचा आनंद.

८.४०. अक्कलकोट गेलं. एक फाट् आवाज आला आणि फडफड थांबली. बरं वाटलं. समोरच्या घड्याळासारख्या तबकडीतला काटा वर चढू लागला. अक्कम्माला दाखवलं, बघ, गाडीला आता जोर येतोय.

८.५०. अक्कम्मा म्हणाली, करपल्याचा वास येतोय. म्हटलं, जवळपास गुऱ्हाळ असेल. म्हणाली, पुढं धूर दिसतोय. म्हटलं, धुकं.

९.०५. गाडी थांबली. मैंदर्गी सहा किलोमीटर.

अक्कम्मा डबा घेऊन खाली उतरली. मी बॉनेटला हात लावला, भाजला. तासभर एकही वाहन थांबलं नाही. शेवटी एका सायकलवाल्याबरोबर ईरप्पाला सांगावा धाडला. त्यानं दीड महिन्यापूर्वी सांगितला होता तोच.

११ ला ईरप्पा ट्रॅक्टर घेऊन आला. दोर बांधला. जरासुद्धा हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. अशा रीतीनं आम्ही मैंदर्गीत शिरलो : पुढं ट्रॅक्टर, मागं आमची मोटार, कडेनं सगळं गाव. अक्कम्मानं पदर डोळ्यांपर्यंत ओढून घेतला होता.

अप्पा पहाटेपासून ओट्यावर बसलेले. पांढरा फेटा, कपाळभर विभूती, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गाडी आली, गाडी आली, एवढंच त्यांनी ऐकलं. माझा हात धरून उठले. आता यांना काय सांगायचं? अक्कम्मानं ईरप्पाकडे बघितलं. ईरप्पानं दोर एकदा ताणून बघितला आणि मान हलवली.

मग आम्ही अप्पांना मोटारीत बसवलं. पुढं, माझ्या शेजारी. ट्रॅक्टर निघाला. मी स्टिअरिंग धरलं, हॉर्न वाजवला. हॉर्न उत्तम वाजतो.

अप्पा सीटवरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, जावईबापू, किती शांत गाडी हाय वो. इंजनाचा आवाज सुदीक येत न्हाय. त्यो ईरप्पाचा ट्रॅक्टर मातुर म्होरं लई बोंबलतोय. त्याला जरा बाजूला हो म्हना की.

अक्कम्मा तोंडात पदर कोंबून हसली. मठ येईपर्यंत हसत होती. उतरताना बघितलं तर डोळे पुसत होती.

२८ ऑक्टोबर, सोमवार

गाडी ट्रकला बांधून गॅरेजला आणली. अक्कम्मा सोबत आलीच. सिद्धारामनं बॉनेट उघडलं आणि आत वाकून बघितलं. मग पंख्याच्या दांड्यावरून वाळलेला, करपलेला झेंडू ओढून काढला. हातभर निघाला. पंख्यानं माळ ओढली, माळेनं पट्टा तोडला, पाणी उकळलं, इंजिन जाम.

म्हणाला, काळजी करू नका शेट, बाईंनी कागद केलाय न्हवं.

कुठला कागद? तेव्हा कळलं. ३० सप्टेंबरला ही टांग्यानं इथं आली होती. दर सोमवारचं तेल-पाणी त्या कागदापोटी होतं. माझ्या वजनापोटी नव्हतं.

मग सिद्धाराम म्हणाला, माझं सील कुटं हाय? मी खिशात हात घातला. शिशाचा गोळा निघाला. तो अक्कम्मानं बघितला, मिस्त्रीनं बघितला. मिस्त्री म्हणाला, सील तुटलं, जबाबदारी सरली की मग. हीच अट सांगत हुतो त्या दिवशी, तुमी हात वर केला. म्हटलं, अरे, पूजेसाठी उघडलं. म्हणाला, देवाचं मी काय म्हनत न्हाय शेट, पर सील माझं हाय.

घरी येताना तिला विचारलं, पैसे कुठून आणलेस? म्हणाली, दर खेपेला निघताना अप्पा बांगडीचे म्हणून हातावर ठेवतात, ते साठवले होते. त्यांच्याच कामी येतील वाटलं. चिडली असती तर मी काहीतरी सांगितलं असतं.

मला लाज वाटली. हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.

३ नोव्हेंबर, रविवार

येडू धनगर पुन्हा आला. घड्याळ मोडीत घेता का म्हणाला. झाकण उघडलं, बारीक ब्रशनं चाकाचाकांतला भंडारा काढला, दोन थेंब तेल सोडलं. टिकटिक सुरू. किती झालं म्हणाला. म्हटलं, काही नाही, गॅरंटीत आहे. म्हणाला, तुमीच म्हनला व्हता की, झाकन उघडलं की सरली? म्हटलं, नियम बदलला.

घरी आलो तर मैंदर्गीचं कार्ड आलेलं. अक्षर ईरप्पाचं, सांगणं अप्पांचं. अक्कम्मानं मोठ्यानं वाचलं. जावईबापूंची गाडी फार पसंत. एवढ्या शांत वाहनात उभ्या आयुष्यात बसलो नव्हतो. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या जत्रेला सोलापूरला यायची इच्छा आहे, त्याच गाडीतून न्यावं. वाचून झाल्यावर तिनं कार्ड माझ्यापुढं ठेवलं.

इंजिन सुटं होऊन गॅरेजच्या जमिनीवर पडलंय. सिद्धाराम म्हणतो, सामान मिळालं तर उन्हाळ्यापर्यंत बघू.

रेघ मारायला कागद घेतला. मारली नाही. लगेच निर्णय घेतला, उभ्या उभ्या. ईरप्पाला पत्र टाकलं : बारा जानेवारीला ट्रॅक्टर घेऊन सोलापूरला ये, इथून आधी गाडी मैंदर्गीला ओढून न्यायची आहे. दोर लांब आण, म्हणजे अप्पांना आवाज कमी येईल.