हॅस्कल कोच चालले म्हणे

१४ जून. सकाळच्या चहाची सुट्टी.

धावणाऱ्यांच्या ऑनलाइन फोरमवर बातमी आली. मार्लो कॉलेजचे म्हातारे बर्ग रिटायर होणार. लांब पल्ल्याचं धावणाऱ्या पोरांचे हेड कोच, माझ्या जन्माच्या आधीपासून तेच. जागा रिकामी.

वरवर बघितलं तर ती बर्ग यांची जागा. नीट विचार केला तर माझी. कारण त्यांचे असिस्टंट हॅस्कल कोच. गेल्या वर्षी पहिल्याच सेमिस्टरला मी झाडून सगळ्या विषयांत आडवा झालो आणि कॉलेजने नारळ दिला, तेव्हा बसस्टॉपवर सोडायला एकटे हॅस्कल कोच आले होते. नवे बूट हातात दिले. म्हणाले, टोबिन, धावत राहा. मी हेड झालो की तुला परत आणतो, अभ्यासाचं मग बघू.

म्हणजे कोच हेड, की मी मार्लोत. मग इथे अलास्कात सॅमन माशांची पोटं फाडत कशाला उभं राहायचं.

संकल्प. उद्यापासून रोज धावणे. फोरमवर वेळ न घालवणे. बूट पलंगाखाली आहेत. खोक्यातच आहेत.

१५ जून

धावलो नाही. फॅक्टरीच्या गेटवर पाटी आहे. अस्वलं फिरत आहेत, धावू नका, धावणाऱ्याच्या मागे अस्वल लागतं. पाटी रोज दिसते, पण आज पहिल्यांदा नीट वाचली. नियम म्हणजे नियम. कोचनी वाचली असती तर तेही हेच म्हणाले असते.

पलंगावरून उतरताना टाच खोक्याला लागली. कसंतरीच झालं. खोकं आत सरकवलं.

१७ जून. जेवणानंतर.

फोरम नुसता बघितला. बघण्याला वेळ घालवणं म्हणत नाहीत.

बर्ग यांच्या जागेवर कोण, यावर लोकांनी रान उठवलंय. कुणी म्हणतो पश्चिमेकडचा कुणी येणार. कुणी म्हणतो क्रीडा संचालक मिसेस ट्रेंट विमानतळावर कुणाला तरी घ्यायला गेल्या होत्या. (त्यांची बहीण असेल. पण हे कुणाला सुचत नाही.) हॅस्कल कोचचं नाव एकानेही घेतलं नाही. मला फार लागलं ते. इतकी वर्षं पावसापाण्यात पोरांच्या मागे सायकल मारणारा माणूस, आणि कुणाच्या गणतीत नाही.

घरच्या माणसाची किंमत घरात नसते. स्थळासारखंच आहे हे. पोरगा चांगला आहे हे शेजाऱ्यांना माहीत असतं, पण दुसऱ्या गावाहून मागणी आल्याशिवाय कुणी हलत नाही. कोचना कुठून तरी मागणी यायला हवी. मग मिसेस ट्रेंट धावत येतील.

चारच्या सुमाराला.

मागणी आली. मी आणली.

फोरमवर मला ‘शेवटचा लॅप’ म्हणून ओळखतात. मागे एकदा एक नेमणूक मी नुसत्या अंदाजाने बरोबर सांगितली, तेव्हापासून लोक मला आतला माणूस समजतात. मीही तो गैरसमज फारसा काढलेला नाही. कॉलेजचं नाव सुचेना. समोर कुया डेल्फिन बसला होता. आमच्या लाइनवरचा फिलिपिनो, सगळ्यांत जुना. कुया म्हणजे त्यांच्याकडे दादा. त्याच्या अंगात लेकीने पाठवलेला स्वेटशर्ट, त्यावर मोठ्या अक्षरांत एल्डन हिल कॉलेज. तो लेकीच्या कॉलेजचं काहीतरी कौतुकाने सांगत होता, पण मी टाइप करत होतो.

लिहिलं ते असं. ‘खात्रीलायक सूत्रांकडून: मार्लोचे हॅस्कल एल्डन हिलला चालले. जवळजवळ नक्की.’

‘जवळजवळ’ मी प्रामाणिकपणा म्हणून घातलं.

१८ जून

कोचना विचारायला हवं होतं का? पण विचारलं असतं तर ते नको म्हणाले असते आणि त्यांचंच नुकसान झालं असतं.

एकाने विचारलं, सूत्र किती जवळचं? मी लिहिलं, हाताच्या अंतरावर. ते खोटं नाही. स्वेटशर्ट तेवढ्याच अंतरावर होता.

धावलो नाही. अस्वल कुणाला दिसलं नाही, पण ते दिसत नाही तेव्हाच जास्त धोका.

२१ जून

आता गंमत बघा. एकाने लिहिलंय, हॅस्कलबाई दारूच्या दुकानातून रिकामी खोकी गाडीत भरताना दिसल्या. गाव सोडणारा माणूसच तिथून खोकी नेतो, हे सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्याने लिहिलं, कोचनी यंदा अंगणातलं गवत कापलेलं नाही. तिसरा म्हणतो, मला हे महिनाभर माहीत होतं.

महिनाभर? मी सांगितलं मंगळवारी.

पण इतकी माणसं म्हणतायत म्हणजे काहीतरी असणार. खोकी खोटी कशी असतील. मासे कापता कापता माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. कोच खरंच चालले असतील तर? आणि मला एका शब्दाने सांगितलं नाही? बसस्टॉपवर वचन द्यायचं आणि गुपचूप एल्डन हिल गाठायचं, ही कुठली रीत.

दुपारभर कोचवर रागावून होतो. संध्याकाळी आठवलं की बातमी माझीच आहे. मनातल्या मनात त्यांची माफी मागितली.

२४ जून

मासा आता पुराच्या पाण्यासारखा येतोय. हात सुजलेत. जेवण जात नाही. कुयाने विचारलं, पोरा, ताट का तसंच? प्रेमात पडलास का कुणाच्या? इथे तर सगळ्या बाया रबरी एप्रनमध्ये, कोण कुठली ओळखू तरी येते का तुला?

मी म्हटलं, माझा एक मित्र आहे. त्याने एका भल्या माणसासाठी थोडी थाप मारली. चांगल्या हेतूने.

कुया म्हणाला, त्या भल्या माणसाने मागितली होती का थाप?

म्हटलं, नाही.

कुया म्हणाला, मग मित्राला सांग, हाताला माशाचा वास लागला तर हात खिशात घालून जात नाही. उलट खिशाला लागतो.

मी म्हटलं, सांगतो त्याला. कुया म्हणाला, सांग, आणि तुझं ताट मला दे.

संकल्प. बातमी मागे घेणे.

२७ जून

मागे घेतली. स्वच्छ लिहिलं की माझी माहिती चुकीची होती, हॅस्कल कुठेही जात नाहीत, त्यांचा जीव मार्लोत आहे.

पहिलं उत्तर: म्हणजे सही झाली. याचं तोंड बंद केलंय.

दुसरं: ‘शेवटचा लॅप’ने आजवर कधी बातमी मागे घेतलेली नाही, काहीतरी मोठं शिजतंय.

पुन्हा लिहिलं की देवाशपथ असं काही नाही. त्यावर लोकांनी मला धीर दिला. म्हणाले, समजतंय आम्हाला, तुला बोलता येत नसेल.

आणखी एक गोष्ट. मार्लोच्या गावच्या पेपरात मिसेस ट्रेंट म्हणाल्यात, आम्हाला इथे टिकून राहील असा माणूस हवा. मी ते वाक्य कितीदा वाचलं. मला वाचायला तसाही वेळ लागतो, पण यात अवघड शब्द एकही नव्हता.

२ जुलै

मार्लोने माणूस घेतला. पश्चिमेकडचा. फोटोत हातात लॅपटॉप आहे, शिट्टी नाही. आपली पोरं सोबत आणणार म्हणे.

बाकी काही लिहवत नाही.

३ जुलै. चहाची सुट्टी.

शांतपणे विचार केला. हे होणारच होतं. मिसेस ट्रेंट फोरम वाचत नसणार, एवढ्या मोठ्या बाईला वेळ कुठला. माझा दोष असलाच तर नखाएवढा.

दुपारी.

नखाएवढा नसावा.

संकल्प. कोचना फोन करून सगळं सांगणे. आडपडदा नाही. माणूस चुकतो, कबूल करतो, मोकळा होतो. उद्या सुट्टी आहे, उद्याच.

४ जुलै

स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीला लोक घरी मांस भाजत बसलेले असतात. अशा वेळी फोन करणं बरं दिसत नाही. उद्या.

५ जुलै

केला. बर्फाच्या गोदामामागे एका जागीच रेंज येते, तिथे रांग असते. माझ्यामागे कुया उभा, त्याला लेकीशी बोलायचं होतं.

कोच किती खूश झाले. म्हणाले, टोबिन, अरे कुठे आहेस, मासे तू खातोस की मासे तुला? धावतोयस ना?

मी म्हटलं, रोज.

हे तोंडातून आपोआप गेलं. इथून पुढे कबुली द्यायची म्हणजे दोन दोन द्यायला लागणार, म्हणून जरा थांबलो.

मग तेच बोलायला लागले. म्हणाले, फोरमवर कुणीतरी माझ्याबद्दल लिहून ठेवलं. मिसेस ट्रेंटनी बोलावून विचारलं. मी म्हटलं, बाई, मला त्या कॉलेजचा रस्तासुद्धा माहीत नाही. त्या म्हणाल्या, आगीशिवाय धूर निघत नाही. तोवर तो दुसरा मनात भरला होता त्यांच्या. आणि मजा ऐक. एल्डन हिलवाल्यांचाच फोन आला. म्हणाले, तुम्ही आमच्याकडे येताय असं वाचलं. आमच्या ध्यानीमनी नव्हतं, पण जागा खरंच रिकामी आहे, येता का? चाललोय. शुक्रवारपर्यंत कुणाला बोलू नकोस.

मी विचारलं, आणि ती खोकी? म्हणाले, कसली खोकी? सासूबाईंच्या पुस्तकांची? तुला कुणी सांगितलं?

मी खोकलो.

मग त्यांचा आवाज उतरला. म्हणाले, नोकरीचं एक असो. म्हातारा बर्ग माझ्याशी बोलत नाही रे. त्याला वाटतंय मी त्याच्या पाठीमागे दुसरीकडे बोलणी केली. इतकी वर्षं एका बाकावर बसून सँडविच खाल्ली आम्ही. परवा दुकानात दिसला, तर पावाच्या रांगेतून निघून गेला. असं कोण करेल माझ्याशी, सांग? माझं वाईट चिंतणारं तसं कुणी नाही.

हीच वेळ होती. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, चांगलं चिंतणारा कुणी असेल.

ते म्हणाले, मग देवाने मला चांगलं चिंतणाऱ्यांपासून वाचवावं.

फोन तुटला असता तर बरं झालं असतं. एरवी दर मिनिटाला तुटतो. आज घंटेसारखा खणखणीत.

काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हटलं, कोच, मग मी एल्डन हिलला येऊ का तुमच्या टीमला? ते हसले. कितीतरी वेळ हसत होते. म्हणाले, पोरा, गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा हसलो. ठेवतो.

हसले म्हणजे हो, असं मी धरतो. म्हणजे एकूण वाईटातून चांगलंच निघालं. ते हेड कोच झाले, आणि मी त्यांच्यासोबत. बर्गचा राग काय, निवळेल.

६ जुलै

कुयाला सांगितलं की ऑगस्टपासून मी तुझ्या लेकीच्या कॉलेजात धावणार.

कुयाने हातातला सुरा खाली ठेवला. कामाच्या वेळी तो कधी ठेवत नाही. म्हणाला, कुठल्या कॉलेजात?

म्हटलं, तुझ्या स्वेटशर्टवरच्या.

म्हणाला, बाळा, ते फक्त मुलींचं आहे. म्हणून तर मी मारिसेलला तिथे धाडली. दर रविवारी हेच सांगतोय, तू ऐकतोस कुठे?

पलीकडच्या लाइनीतल्या बायांना त्याने त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. त्या हसायच्या थांबेनात. दिवसभर येता जाता कुणीतरी मला मिस एल्डन हिल म्हणत होतं.

मला आता कोचचं हसू कळलं.

संध्याकाळी.

कोचना मेसेज लिहिला. ‘ते मी लिहिलं होतं. माफ करा. टोबिन.’ किती चुका आहेत ते तीनदा तपासलं. पाठवला. खाली लाल अक्षरं आली, मेसेज गेला नाही. पुन्हा दाबायचं तिथेच होतं. पण जे जात नाही ते जाऊ नये अशी देवाची इच्छा असेल. मी धार्मिक नाही, पण आज मान राखला.

११ जुलै, शुक्रवार

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे खरी बातमी होती, आणि पाच दिवस मी ती कुणाला सांगितली नाही. ही माझी या उन्हाळ्यातली एकमेव चांगली गोष्ट.

सकाळी दुसऱ्याच कुणीतरी फोरमवर टाकली. लोकांनी त्याचे आभार मानले. मला वाईट वाटलं. मग वाईट वाटल्याचं वाईट वाटलं.

१२ जुलै. चहाची सुट्टी.

कोचचा मेसेज. काल दुकानात पुन्हा बर्ग भेटला. तोंड फिरवणार होता, तेवढ्यात मी म्हटलं, टोबिनचा फोन आला होता, पोरगा मासे कापून रोज धावतोय. म्हातारा थांबला. म्हणाला, रोज? मी म्हटलं, रोज. मग बाकावर बसलो दोघं. बरा आहे आता. शाब्बास रे.

कॉफीचा कप तसाच ठेवून कामावर गेलो.

जेवणाच्या सुट्टीत.

खोकं ओढलं. बूट काढले. आत कागदाचे बोळे तसेच होते. गेटबाहेर पाटी आहे, म्हणून कुंपणाच्या आतच, माशांच्या पेट्यांच्या मधून धावायला लागलो. बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. कुया ओरडला, मागे अस्वल आहे असं समज. बर्फाच्या गोदामापर्यंत पोचलो आणि बसलो. टाच सोलली होती. कुयाने पाणी आणून दिलं. म्हणाला, बस, मिस, दम खा.

फोनला रेंज होती. तो मेसेज अजून तिथेच होता, खाली लाल अक्षरं. त्याकडे बघितलं. मग फोरम उघडला. मार्लोची कोणकोणती जुनी पोरं नव्या कोचकडे टिकणार, यावर चर्चा चालू होती. सगळ्यांची नावं होती. ज्याचा पाय मोडलाय त्याचंसुद्धा.

लिहिलं. ‘खात्रीलायक सूत्रांकडून: टोबिन रस्क अलास्कात रोज धावतोय. जवळजवळ नक्की.’

भोंगा व्हायच्या आत एकच उत्तर आलं.

‘कोण?’