आकाशातल्या चुकीच्या जोड्या

४ जानेवारी, सकाळी ६.४०
आजपासून विज्ञानाची निःस्वार्थ सेवा. दुकान जावयाच्या हवाली करून आठ महिने झाले. भिंतीला तुंबड्या लावत बसण्यापेक्षा हे बरं.
काम सोपं आहे. मोठ्या दुर्बिणींनी आकाशाच्या एकाच तुकड्याकडे शेकडो तास कान लावलाय. तिथून येणाऱ्या रेडिओ लहरींचे ठिपके चित्रात दिसतात. ठिपके कॉम्प्युटर शोधतो, पण कोणता कोणाचा हे त्याला नीट कळत नाही. ते आम्ही स्वयंसेवकांनी सांगायचं. दोन ठिपक्यांच्या मधोमध दीर्घिका असेल, तर तिनेच दोन्हीकडे फवारे सोडलेत असं समजायचं. मग ती जोडी, यादीत एकच नोंद. मध्ये काही नसेल तर दोघे परके, नोंदी दोन.
चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले. माझ्यासाठी हा डाव्या हातचा मळ.
संकल्प : रोज शंभर चित्रं.

४ जानेवारी, सकाळी ११.१५
अकरा चित्रं झाली. चष्म्याचा नंबर वाढलाय.
हिने विचारलं, हे मध्येच काय काढलंत? म्हटलं, विज्ञान. ती हं म्हणाली. हिच्या हंचे चौदा प्रकार आहेत. हा नववा, म्हणजे सगळं कळलंय पण बोलणार नाही.
चिरंजीव ज्या संस्थेत नोकरीला आहेत, तिचाच हा प्रोजेक्ट निघाला. निव्वळ योगायोग.

९ जानेवारी
चिरंजीवांशी बोलणं नाही त्याला सहा वर्षं झाली. कारण क्षुल्लक. नोकरीचं पत्र घेऊन ते धावत दुकानात आले. आकाशातले रेडिओ आवाज ऐकायची नोकरी. दुकान भरलेलं होतं. मी म्हटलं, लेका, खरखर आम्ही काढून टाकतो, ती ऐकायला तुला पगार देणारा येडा कोण भेटला? गिऱ्हाईकं पोट धरून हसली. चांगला विनोद होता. त्यांनी पत्राची घडी घातली आणि गेले ते गेलेच.
बुधवारी आणि रविवारी आईला फोन येतो. ही स्वयंपाकघरात जाते, नळ सोडते, मग बोलते. मी ऐकत नाही. पाण्याच्या आवाजाखालून शब्द आपोआप वर येतात, हा माझ्या धंद्याचा दोष.
या वेळी वर आलेले : खोकला. नवीन घर. बरं रे, नाही सांगत त्यांना.
'त्यांना' म्हणजे कोणीही असू शकतं.

१७ जानेवारी, दुपारी १.२०
मॉडरेटरचं पत्र! स्वयंसेवकांच्या नोंदी तपासणारा माणूस म्हणजे मॉडरेटर. नाव लावत नाही, नुसतंच 'मॉडरेटर'. लिहितो, काका, ४१२व्या चित्रात तुम्ही जोडलेले ठिपके वेगळे आहेत, मध्ये दीर्घिका नाही. असो, बाकी काम छान चाललंय.
'असो'. चौथीतल्या निबंधापासून चिरंजीवांना ही सवय आहे. गाईवर दहा ओळी लिहायच्या, नववी ओळ 'असो'. मास्तरांनी यावरून मला शाळेत बोलावलं होतं.
शिवाय पत्र आठ मिनिटांत आलं. परक्या माणसासाठी कोण आठ मिनिटांत लिहितं? 'काका' म्हणजे उघडच वेषांतर. ऑफिसात बाबा कसं लिहिणार?
हिला सांगितलं नाही. आधी पुरावे.

२१ जानेवारी
चार दिवस झाले. दोनशे चित्रं अचूक. एक अक्षर आलं नाही.
बरोबर असलं की कोणी लिहीत नाही, चुकलं की पत्र येतं.

२२ जानेवारी
प्रयोग. आकाशाच्या दोन टोकांचे म्हणावेत असे ठिपके मुद्दाम जोडले. वीस मिनिटांत पत्र आलं, तेही नऊ ओळींचं, समजावून सांगणारं. लहानपणी हाच मला सायकलची चेन कशी बसवायची ते असंच समजावायचा, जणू मी पहिल्यांदाच सायकल बघतोय.
संकल्प : रोज दोनच चुका. विज्ञानाचं नुकसान नको.

२ फेब्रुवारी
आज नऊ. पण त्यातल्या तीन खऱ्या होत्या, त्या धरत नाही.

८ फेब्रुवारी
स्क्रीनकडे बघून हसताना हिने पकडलं. म्हणाली, अहो, या वयात कुणाशी गुलुगुलु चाललंय? शेवटी सांगून टाकलं की बाईसाहेब, हे तुमचे चिरंजीव. रोज लिहितात मला. पत्रं वाचून दाखवली, 'असो' वर जोर देऊन.
हिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, चहा निवतोय तुमचा. पदराने डोळे टिपत आत गेली.
आनंदाश्रू. स्वाभाविक आहे.

१५ फेब्रुवारी
सहज म्हणून विचारलं, खोकला कसा आहे? उत्तर आलं, मला खोकला नाही काका, का हो?
किती ते ऑफिसचं भान. माझ्यावर गेलाय.

२० फेब्रुवारी, सकाळी १०
आज हिय्या केला. प्रत्येक चित्राखाली शेऱ्याची चौकट असते, १९०६व्या चित्राच्या चौकटीत सात ओळी लिहिल्या. दोन तास लागले. त्या दिवशी गिऱ्हाइकांसमोर बोललो ते बोलायला नको होतं. तू पत्र दाखवायला सगळ्यांच्या आधी माझ्याकडे आला होतास, हे मला नंतर उमगलं. तेव्हा मागे धावायला हवं होतं. काउंटर ओलांडला नाही. वगैरे.
क्लिक केलं. मग उठून स्वेटर घातला. थंडी आहे.

२० फेब्रुवारी, सकाळी ११.४०
उत्तर : काका, हे बहुधा चुकून इथे आलं. शेऱ्यात फक्त चित्राबद्दल लिहावं. असो.
'असो' म्हणजे झालं गेलं विसरा. दुसरा अर्थच निघत नाही.
जेवण दोन घास जास्त गेलं.

२६ फेब्रुवारी
निमंत्रण आलंय. शनिवारी चार वाजता सगळ्या स्वयंसेवकांची ऑनलाइन मीटिंग, मॉडरेटर स्वतः बोलणार.
संकल्प : निळा शर्ट. चारचौघांत बाबा-बाळ करायचं नाही. नुसती मान हलवायची. तो समजेल.

१ मार्च, दुपारी ३.३०
निळा शर्ट इस्त्री केला. हिच्यासाठी शेजारी खुर्ची ठेवली. बसायला तयार नाही. म्हणते, डोकं दुखतंय. म्हणते, तुम्हीही नका ना बसू आज, फिरून येऊ जरा.
एवढ्या आनंदाला बायका घाबरतात.

१ मार्च, संध्याकाळी ६
मॉडरेटर एक बाई आहेत. पन्नाशीच्या, आवाज बसलेला. शाळेत भूगोल शिकवतात, आणि हे काम आमच्यासारखंच फुकट, मधल्या सुट्टीत करतात. तासाभरात 'असो' अकरा वेळा म्हणाल्या.
भल्या बाई आहेत. नाव न घेता म्हणाल्या, आपल्या एका ज्येष्ठ स्वयंसेवकाच्या दोन हजार एकशे चाळीस नोंदी यादीतून वगळाव्या लागल्या. इतक्या जोड्या चुकीच्या होत्या की बरोबर असलेल्यांवरही भरवसा ठेवता येईना. डोळे थकत असतील त्यांचे, कुणी मनाला लावून घेऊ नका. तो तुकडा आता दुसरे लोक पहिल्यापासून करतील.
त्या बोलत होत्या तोवर मी मान हलवत होतो. ठरवलेलं होतं म्हणून.
कॅमेरा बंद केला तेव्हा ही दारात उभी होती. म्हणाली, त्याने ती संस्था सोडली हो, दोन वर्षं झाली. दुसऱ्या गावी कॉलेजात शिकवतो. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती मला. मग त्या दिवशी तुम्ही पत्रं वाचायला लागलात, आणि इतके खुशीत होतात की माझी जीभच रेटेना.
मी म्हटलं, मला माहीत होतं. परीक्षा बघत होतो तुझी.
ती हं म्हणाली. हा पंधरावा होता. आधी कधी ऐकला नव्हता.

२ मार्च, रविवार, सकाळी ९.१०
विज्ञानाचा राजीनामा दिला. भूगोलाच्या बाईंना चार ओळी लिहिल्या, डोळ्यांचं कारण सांगितलं.
आता आडवळणं बंद. आज फोन येईल तेव्हा मी उचलणार. सातही ओळी पाठ आहेत. दोनदा म्हणून बघितल्या, एक मिनिट वीस सेकंद लागतात.

२ मार्च, सकाळी १०.०५
फोन आला तेव्हा ही आंघोळीला गेली होती. उचलला. तो म्हणाला, हां आई, बोल.
आवाज जाड झालाय.
मी म्हटलं, आई आंघोळीला गेलीय.
माझ्या चांगल्या कानांना पलीकडचा पंखा ऐकू आला, खुर्ची सरकली ती ऐकू आली. मग जवळूनच एक बारीक आवाज, बाबा, आजी नाहीये?
तो तिला म्हणाला, नाही गं. मग मला म्हणाला, बरं, नंतर करतो. आणि ठेवला.
एकूण चोवीस सेकंद.
ही केस पुसत बाहेर आली. विचारलं, कुणाचा होता? म्हटलं, राँग नंबर. तिने फोन हातात घेऊन बघितला आणि परत ठेवला.
आवाजावरून चारेक वर्षांची असावी. नाव काय ठेवलंय, ते हिला कसं विचारायचं?