पितळी डबीतला आवाज

६ ऑक्टोबर
माहा नवरा धनराज आज पुन्हा म्हने, दिवाळी झाली का ऊसतोडीचा ट्रक येते. बाबाचं दुकान चाललं तं ठीक, नाई तं तू, मी अन् पोरगी, तिघं बी फडावर. मांगच्या साली फडावर शेजारच्या खोपीतल्या बाईचं लेकरू थंडीनं गेलं. म्या पाह्यलं ते. आपली पोरगी तं अजून बसत बी नाई.

९ ऑक्टोबर
बाबा म्हंजे माहे सासरे, गोविंदसिंग. शेलूबाजारच्या रोडवर जुन्या फटफट्या दुरुस्त करतात. उन्हायात आजारी पडले तवापासून हात कापतात. आज कार्बेटरची बारकी सुई हातातून सुटली, मातीत गेली. म्या पिठाच्या चायनीनं माती चायली. भेटली!
सासूबाईच्या हाती देली, सासूबाईनं बाबाले देली. आमच्यात सून सासऱ्यासंग बोलत नाई. लग्न झालं तवापासून एक शब्द नाई. तोंडावर पदर. बाबा सासूबाईले म्हनले, सुनेले सांग, नजर चांगली हाये. मी दोन हातावर उभी होती.

१२ ऑक्टोबर
इंझोरीचे जगदेवकाका आले. त्यायच्या वडलाची फटफटी, बाबाच्या लग्नाच्याही अगोदरची. पोराचं लग्न हाये, नवरदेव हिच्यावरच न्याचा. पन पेट्रोल गयून राह्यलं. अकोल्यालोक फिरले, पार्ट भेटत नाई. बाबाच्या हाताकडं पाहून म्हने, "जमन काय आता, मिस्त्री?"
बाबा म्हने, "माहे दोन कापतात. घरात अजून हायेत."
माहेच!
धनराज मले मांगं म्हने, हे गाडी बिघडली तं जगदेवकाका साऱ्या बजारात सांगन. मंग दुकान संपलं. मंग ट्रकच.

१३ ऑक्टोबर
आज कार्बेटर आतून पाह्यलं. काय लिहू! मुठीयवढं लोखंड, अन् आत सारा संसार. पितयाचा एक खिया असते, जेट म्हनतात. त्याले आरपार भोक, केसायवढं. म्या डोयाले लावलं तं त्या भोकात सूर्य मावला.
अन् फ्लोट. पितयाची बंद डबी, आत निसती हवा. कागदासारखी पातय. जोरात धरली तं चेपते. पेट्रोल भरलं का डबी तरंगत वर येते, तिच्यावरची सुई दार लावते. कमी झालं का खाली, दार उघडं. कोनी सांगाचं काम नाई. पन्नास वर्सं झाले, तेच करून राह्यली.
तिले भोक पडलं, पेट्रोल आत घुसलं, ते जड झाली. म्हनून दार लागत नाई. नवी भेटत नाई, हिलेच डाग द्या लागन, म्हंजे तापल्या लोखंडानं कथील वितयवून भोक बुजवाचं.

१५ ऑक्टोबर
निसती सुई बसवून पाह्यली. दोनदा माह्या बी हातून सुटली.

१७ ऑक्टोबर
 आजचं लिहून ठेवा लागन.
डबी गरम पान्यात बुडवली होती. भोक डोयाले दिसत नाई, पन तिथून बुडबुडे निंगतात, आतलं पेट्रोल बाहीर येते. मंग कानापाशी हलवून आयकाचं. आवाज नाई म्हंजे रिकामी. मंगच डाग द्याचा, नाई तं भडका.
सासूबाई पानी आनाले गेल्या होत्या. पोरगी खांबाच्या झोयीत, हातभर दूर. बाबानं डबी हलवून आयकली, मान डोलवली, माह्या पक्कडीत देली. तापलेलं लोखंड उचललं.
डबी माह्या हातात हलली अन् मले आयकू आलं. थेंबभर. टुप.
बाबाचे कान बी गेले, हे मले तवा समजलं. म्या मांगं पाह्यलं, सासूबाई नाई. लोखंड जवय आलं.
"बाबा, थांबा. आत हाये अजून."
माहा आवाज मलेच परका लागला.
बाबानं लोखंड खाली ठेवलं. डबी पुन्हा पान्यात टाकली. बुडबुडे निंगाले लागले. बाबानं माह्याकडं पाह्यलं नाई. पन सासूबाईचं नाव बी नाई घेतलं.
"आता तूच आयक," म्हनले. "रिकामी झाली का सांग."
अजून हाये, म्हनलं. अजून हाये. मंग म्हनलं, नाई आता.
बाबानं लोखंड टेकवलं. मी डोये मिटले. उघडले तं चांदीवानी चकाकता ठिपका होता, भोकावर.

१८ ऑक्टोबर
सासूबाई दिवसभर बोलून राह्यल्या. लोकाच्या सुना सासऱ्यासंग बोलल्या तं जेवता काय म्हनतात. आमची म्हनते, थांबा!
बाबा भाकर मोडता मोडता म्हनले, तिनं नसतं म्हनलं तं तू आज कोनाले बोलली असती व?
 सासूबाईनं माह्या ताटात तूप वाढलं.

२० ऑक्टोबर
जगदेवकाकानं किक मारली. धुपधुप, धुपधुप. जिमीन हालली पायाखाली. मी बसून कार्बेटरखाली हात धरला. तयहात कोल्डा. एक थेंब नाई! आत ते डबी आता तरंगून राह्यली असन. कोनाले दिसत नाई. मलेच मालूम.
काकानं गाडी बंद केली, पुन्हा चालू केली, पुन्हा बंद. लहान पोरावानी.

४ नोव्हेंबर
ट्रक आला. मुकादमाकडून घेतलेले पैसे फेडाचे होते, पन धनराज एकटाच चढला. गावातल्या सेवादाससंग तोडीची जोडी लावली त्यानं, मले सांगतलं बी नाई. निंगता निंगता पोरीचे पाय हातात धरले अन् म्हने, हिले थंडी नको लागू देऊ.
बाबानं दुकानाची चाबी माह्याकडं केली. मलेच म्हनले, उद्या तू उघड.